शाळेला चुना

निवृत्त माणसानं सभेला जावं, शेवटच्या रांगेत बसावं, चहा-वडा घ्यावा आणि 'छान झालं' म्हणून घरी यावं. मीही एवढ्याचसाठी गेलो होतो. साल २०१८. कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावातल्या शाळेच्या इमारतीला सव्वाशे वर्षं होत होती आणि माजी विद्यार्थी संघापुढे विषय होता, दर्शनी भागाचं काय करायचं. इमारत तशी देखणी. काळ्या घडीव दगडाच्या भिंती, टोकदार कमानी, मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर, मधोमध घंटेचा बुटका मनोरा. परगावचे लोक गाडी थांबवून जिचा फोटो काढतात अशी गावातली ही एकमेव वस्तू. बाकी कुठे कोणी थांबलं तर ते रस्ता चुकलेलं असतं. पण दगड आता दिसत नव्हता. दगडावर ऑइलपेंट, ऑइलपेंटवर 'येथे थुंकू नये' ही सूचना आणि त्या सूचनेवर ग्रामस्थांनी दिलेलं उत्तर, असा एकंदर देखावा होता.

एकजण म्हणाला, सरळ प्लास्टर मारून टाका. दुसऱ्यानं मोबाइलच्या दुकानांना लावतात तसले चकचकीत पत्रे सुचवले. तिसऱ्याला ग्रॅनाइट हवं होतं, कारण त्याचं ग्रॅनाइटचं दुकान आहे. इतक्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "पण लाइम मॉर्टरचं काय?"

सगळी सभा मागे वळून माझ्याकडे बघायला लागली.

हे शब्द मी नुकतेच मुंबईत ऐकले होते. त्याच जूनअखेर युनेस्कोनं ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या इमारती, एकीकडे व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसरीकडे आर्ट डेको, जागतिक वारसा यादीत घातल्या होत्या. जावयानं हौसेनं आम्हा दोघांना तिथल्या हेरिटेज वॉकला नेलं. माहिती सांगणारी मुलगी कुर्ल्याचा दगड, मालाडचा पिवळसर दगड, पोरबंदरचा चुनखडीचा दगड असं दाखवत पुढे चालली होती आणि मी बसायला कट्टा शोधत मागून. त्या सगळ्या पायपिटीतून माझ्याकडे शिल्लक राहिले ते एवढे दोनच शब्द. ते मी आमच्या सभेत खर्चून टाकले आणि जीर्णोद्धार समितीचा सचिव झालो.

अध्यक्षपद आमच्याच वर्गातल्या एका बांधकाम कंत्राटदाराकडे गेलं. १९९३ साली, शताब्दीच्या वेळी, दगडांमधल्या सगळ्या दरजा खरवडून त्यांत सिमेंट भरायचं काम त्यानंच केलं होतं, तेव्हा अनुभव म्हणाल तर त्याच्याइतका कोणालाच नव्हता. खजिनदार गुळाचे अडते. हेडमास्तर पदसिद्ध सदस्य, म्हणजे चहा त्यांच्याकडे.

पहिला ठराव एकमतानं झाला: इमारतीला तिचं मूळ रूप परत द्यायचं. मूळ रूप कोणतं, यावर मात्र समिती फुटायची वेळ आली. आम्ही जुन्या अकरावीवाले. आमच्या वेळी शाळा पिवळी होती, त्यामुळे मूळ रंग पिवळा हे उघडच होतं. आमच्या मागून आलेले दहावीवाले गुलाबीवर अडून बसले. त्यांच्याहून धाकट्यांना पिस्त्याचा हिरवा आठवत होता आणि तो आठवून त्यांचे डोळे पाणावत होते. शेवटी नव्वदीतले एक आजोबा नातवाच्या हाताला धरून आले आणि म्हणाले, शाळा निळी होती. बेचाळीसच्या चळवळीत त्या निळ्या भिंतीवर मी स्वतः घोषणा लिहिली आहे. स्वातंत्र्यसैनिकापुढे कोण बोलणार? निळ्याचं पारडं जड झालं.

पुढे रंग खरवडला तेव्हा कळलं की सगळेच खरं बोलत होते. हीरक महोत्सव, अमृत महोत्सव, शताब्दी, मधूनच एखादा मंत्री. प्रत्येक आनंदाच्या प्रसंगी भिंतीवर एक थर चढला होता. त्या सगळ्यांच्या खाली दगडाचा स्वतःचा काळा रंग होता. तो मूळ असू शकेल असं एकाही बॅचला सुचलं नाही, कारण तो एकाही बॅचनं पाहिला नव्हता.

पुण्याहून कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्ट बाई आल्या. बाई म्हणजे तिशीतली मुलगी, पाठीवर सॅक, पायात बूट. आल्या आल्या मला काका म्हणाली, तेव्हा माहिती देण्याची जबाबदारी आपोआपच माझ्याकडे आली.

"ही इमारत मेजर मँटची बरं का," मी सुरुवात केली. "कोल्हापूरचा टाउन हॉल, नवा राजवाडा, बडोद्याचा लक्ष्मीविलास, आणि ही."

"काका, मँट १८८१ साली वारला."

"असं?"

"आणि तुमच्या इमारतीचं साल १८९३."

"नकाशे आधीच काढून ठेवले असतील," मी म्हणालो. "लक्ष्मीविलास नाही का, पुढे चिझमनं पुरा केला."

ती काही बोलली नाही. वहीत काहीतरी लिहिलं. उत्साहाच्या भरात मी पुढे सांगितलं की १८९३ साली पायाभरणीला छत्रपती शाहू महाराज आले होते. त्यावर तिनं महाराजांनी राज्यसूत्रं २ एप्रिल १८९४ ला हाती घेतली एवढंच सांगितलं आणि टेप काढून भिंत मोजायला घेतली. आजकालच्या मुलांना वडीलधाऱ्यांच्या आठवणींची कदर नाही ती अशी. शिवाय या दोन्ही गोष्टी मी स्मरणिकेच्या लेखात लिहून छापायला दिल्या होत्या. आर्ट पेपर, पाचशे प्रती. आता बदलणार कोण?

मोजमापं झाल्यावर तिनं बोटाच्या पेरानं एक दगड वाजवला. "दगडाला काही झालेलं नाही. आजारी आहेत त्या दरजा." मग तिनं सांगितलं ते मला, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा पटलं नाही आणि दुसऱ्यांदा समजलं नाही. तिसऱ्या वेळी मात्र समजलं आणि पटलंही. आपल्याकडच्या या जुन्या भिंती एकसंध दगडाच्या नसतात. बाहेर एक घडीव दगडाचं अंग, आत एक, आणि दोहोंच्या मध्ये चुन्यात कालवलेला दगडगोट्यांचा भराव. काळा दगड पाणी फारसं पीत नाही. भिंतीत जे काही पाणी शिरतं ते बाहेर पडायचं ते सांध्यातल्या चुन्यातून. त्या सांध्यात सिमेंट भरलं की ती वाट बंद. सिमेंटला केसाएवढी चीर गेली तरी पावसाचं पाणी आत जातंच, पण उलटं येऊ शकत नाही. मग ते आतल्या बाजूनं, वर्गातल्या गिलाव्यातून निघतं आणि निघताना क्षार घेऊन येतं. गिलाव्यावर पांढरा लोणा फुलतो, पोपडे सुटतात. सातवी ब च्या भिंतीला वर्षानुवर्षं लोणा लागायचा. त्याचा दोष आम्ही आजवर सातवी ब ला देत आलो होतो.

अध्यक्षाला हे लागलं. स्वाभाविक आहे. मी त्याला समजावलं की अरे, आपल्या देशात सिमेंट तयार व्हायला लागलं तेच १९१४ च्या सुमारास, पोरबंदरला. ही भिंत त्याआधी वीस वर्षं सिमेंटवाचून उभी होती.

"म्हणूनच पडायला आली होती," तो म्हणाला.

पुण्याला परत गेल्यावर बाईंनी व्हॉट्सॲपवर एक यादी पाठवली. वाळूचा मारा करू नये. ग्राइंडर लावू नये. तारेचा ब्रश वापरू नये. खाली आणखी पुष्कळ 'नये' होते. 'पुढे वाचा' वर बोट ठेवायचं तेवढं माझ्याकडून राहून गेलं. त्या न वाचलेल्या भागात ॲसिड होतं.

रविवारी सकाळी शाळेत चिटपाखरू नसतं. आमच्या न्हाणीघरातली ॲसिडची बाटली, एक निवृत्त टूथब्रश आणि रबरी हातमोजे घेऊन मी कोपऱ्यातल्या खांबापाशी बसलो. बाई पुढच्या आठवड्यात येतील तेव्हा हातभर स्वच्छ काळा दगड दाखवून त्यांना चकित करायचं, असा बेत. ॲसिड ओतलं. ऑइलपेंटला काहीही झालं नाही. पिस्त्याचा हिरवा जागच्या जागी होता, उलट धुतल्यामुळे जरा उजळला. ॲसिड तसंच खाली ओघळत जिथे सिमेंट निखळून जुना चुना उघडा पडला होता त्या दरजेत गेलं, आणि तिथे मात्र आनंदाची उकळी फुटली. फसफस, फसफस, पांढरा फेस. चुनखडीवर हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यास कोणता वायू बाहेर पडतो, हा प्रश्न मला याच इमारतीत घातला होता आणि मी ऑक्सिजन लिहिलं होतं. आता कार्बन डायऑक्साइड माझ्या नाकासमोर निघत होता. सव्वाशे वर्षांचा चुना पाच मिनिटांत दोन बोटं आत गेला. घाबरून मी बादलीभर पाणी मारलं. संध्याकाळपर्यंत खालच्या उघड्या दगडावर तांबूस ओघळ उतरले. ॲसिडनं दगडातलं लोह बाहेर काढलं होतं. त्या डागाचा आकार दोरीवर वाळत घातलेल्या पायजम्यासारखा आहे आणि तो आजही तिथे आहे. बाईंनी नकाशावर प्रत्येक नमुन्याच्या चौकोनाला क्रमांक दिले, एक, दोन, तीन. या डागाला शून्य दिला. त्यापुढे कंसात 'सचिव'.

रंग शेवटी निघाला तो अंगाला लेप लावून, मऊ पडल्यावर लाकडी पट्टीनं खरवडून आणि नायलॉनच्या ब्रशनं धुऊन. त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. वेळखाऊ, कंटाळवाणं काम. त्यात मला कोणी हात लावू दिला नाही.

मिस्त्री वाईकडचे. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला फेटा, कमरेला चंची. चुन्यातलं काम जाणणारे गवंडी आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. हे सापडले तेव्हा मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं, पण त्यांनी आधी राहायची सोय विचारली. कळीचा चुना भट्टीवरून आला. तो विरवायला विटांचा हौद बांधायचा होता. हौदाचा खर्च वाचवावा म्हणून मी बाजारातून प्लॅस्टिकचे दोन मोठे टब आणले आणि मिस्त्री यायच्या आत कामाला लागलो. टबात कळ्या भरल्या, वरून पाणी सोडलं. काही नाही. पांढरे खडे नुसते ओले झाले. एवढ्यासाठी हौद कशाला हवा होता, असं मनाशी म्हणत मी वाकून बघायला लागलो.

मग एक खडा तडकला. त्याच्या शेजारचा फुगला. पाणी आधी गुणगुणलं, मग खदखदलं, वाफेचा लोट उठला आणि ढेकळं फुटून फुटून त्यांचं पीठ व्हायला लागलं. खाली कसलाही जाळ नसताना टबभर पाणी उकळत होतं. माझा चष्मा पांढरा झाला. तो पुसेपर्यंत टबाची एक बाजू मऊ पडली, बाहेर झुकली आणि सगळा उकळता रबडा अंगणातून हेडमास्तरांच्या स्कूटरच्या दिशेनं निघाला. मी दोन्ही चपला जागेवर सोडून कट्ट्यावर चढलो. कट्ट्यावर मिस्त्री आधीच बसलेले होते. केव्हा आले होते कोण जाणे. चंची उघडून तंबाखू मळत होते, अंगठ्याच्या नखावर चुना.

"सायेब," ते म्हणाले, "हितं नखभर चुन्यानं तोंड पोळतंय, आन् तुमी गाडीभर घिऊन बसलाय."

हौद बांधला. चुना विरवून, गाळून पाण्याखाली मुरत ठेवला. कधी तयार होईल, असं मी रोज विचारायचो. "त्येला घाई न्हाई. घाई तुमास्नी हाय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. चुना मुरतो तितका चांगला, आणि भिंतीत गेल्यावरही त्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड पीत पीत सावकाश दगड व्हायचं असतं. तोवर त्यावर ओलं गोणपाट लावून ऊन चुकवायचं. जो वायू मी ॲसिड ओतून त्या रविवारी घालवला, तोच आता परत भरायचा होता. बैलाची घाणी कुठेच मिळेना, मोटारीवर चालणारी भाड्यानं आणली. तीत चुना, वाळू आणि भाजक्या विटांची सुर्खी घोटायची, आणि वर मिस्त्रींचं खास पाणी: हिरडा कुटून भिजवलेला, त्यात थोडासा गूळ.

'थोडासा' हा शब्द आमच्या खजिनदारांना लागला. गुळाचे अडते ते. त्यांच्या शाळेला गूळ थोडासा? त्यांनी टेम्पोनं ढेपा पाठवल्या. मिस्त्रींनी त्यातली एक फोडून हवा तेवढा गूळ घेतला. उरलेला वाया जायला नको म्हणून मी तो दोन पिंपांत भिजत घातला. मधल्या सुट्टीत पोरं पिंपाभोवती, त्यांच्यामागे मुंगळे, आणि दोन-तीन दिवसांनी वरून पाहुणे यायला लागले. घंटेच्या मनोऱ्याच्या वळचणीला आग्या मोहोळ होतं. माझ्या शाळेच्या दिवसांपासून तिथे दर साली बसतं. हातभर लांबीचं पोळं, त्यावर माश्यांचं हलतं काळं कांबळं. आजवर आमचं आणि त्यांचं कधी वाकडं आलं नव्हतं. आता त्या पिंपाच्या काठावर रांगेनं येऊन बसायच्या, आणि मला ते दृश्य शुभशकुनाचं वाटायचं.

पहिली दरज भरायचा समारंभ ठेवला. प्रमुख पाहुणे एक लोकप्रतिनिधी. कार्यक्रमपत्रिका माझी: दीपप्रज्वलन, नारळ, मान्यवरांच्या हस्ते थापीनं चुना, स्मरणिकेचं प्रकाशन, आणि पाहुणे फाटकात येताच फटाक्यांची माळ. फटाक्यांचं मी मिस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांनी एकदा वळचणीकडे पाहिलं, थापी धुऊन ठेवली आणि चहाला गेले. ते असे नेमके केव्हा चहाला जातात याच्यावर लक्ष ठेवायला मी पुढे शिकलो.

पाहुण्यांनी माइक हातात घेतला, "बंधू आणि भगिनींनो, या शाळेनं" एवढं म्हणाले, आणि आमच्या गावातलं आजवरचं सर्वांत छोटं राजकीय भाषण तिथे संपलं. मांडव रिकामा व्हायला किती वेळ लागला हे सांगता येणार नाही, कारण रिकामं करणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होतो. पाहुणे आणि मी एका दारातून आत घुसलो आणि दार लावून घेतलं. तो वर्ग सातवी ब चा निघाला. बाहेरचं घोंघावणं थांबेपर्यंत दोघं लहान मुलांच्या बाकांवर, गुडघे छातीशी घेऊन, समोरच्या भिंतीवरचा लोणा बघत बसलो होतो. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं. एवढा वेळ लोणा पाहिल्यावर त्यांनी निधीचं आश्वासन दिलं. ते आश्वासन अजून आहे. सुदैवानं चार-सहा डंखांपलीकडे कोणाला काही झालं नाही, आणि त्या चार-सहांतले तीन माझे. घरी गेलो तेव्हा सौ. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "अहो, चेहरा जरा भरल्यासारखा वाटतोय. मानवतंय तुम्हाला शाळेचं काम." स्मरणिकेचे गठ्ठे तसेच उचलून मागच्या सामानाच्या खोलीत, लेझीम आणि फाटक्या गाद्यांच्या मागे, जमिनीवर रचून ठेवले.

परांचीचा प्रसंग थोडक्यात सांगतो, कारण तो गावानं पुरेसा सांगितलेला आहे. वरच्या कमानीतून पिंपळ फुटला होता. पिंपळ नुसता छाटून भागत नाही, मूळ सांध्यात जिवंत राहतं आणि दुप्पट जोमानं येतं. मूळ मारून दगड पुन्हा बसवावे लागतात. बिगारी पिंपळाला हात लावायला तयार होईनात. देवाला नारळ ठेवला, रोपटं नदीकाठी लावायचं ठरलं, तरी कोणी वर जाईना. तेव्हा उदाहरण घालून द्यावं म्हणून मी बांबूच्या परांचीवर चढलो. चढताना माणूस वर बघतो, उतरताना खाली बघावं लागतं. परांचीतला हा दोष चढेपर्यंत लक्षात येत नाही. मी पिंपळाला मिठी मारून उभा राहिलो. खाली घंटा झाली, प्रार्थनेला पोरं ओळीनं उभी राहिली आणि 'एक साथ सावधान' झाल्यावर सगळ्या माना वर वळल्या. हेडमास्तर मुत्सद्दी माणूस. माइकवरून म्हणाले, "आपले माजी विद्यार्थी वर उपस्थित आहेतच, तर त्यांनी दोन शब्द मार्गदर्शन करावं." मी केलं. वारसा, परंपरा, चिकाटी, सगळ्यांवर बोललो. थांबलो असतो तर उतरावं लागलं असतं. पहिला तास बुडाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, मग मिस्त्रींनी कमरेला दोर बांधून मला खाली घेतलं.

रंग निघत निघत मुख्य कमानीपाशी आला. तिथे व्यसनमुक्तीची एक मोठी घोषणा होती, लाल अक्षरांत, कोणत्याशा सप्ताहात रंगवलेली. ती खरवडल्यावर खाली शिळा लागली. शके १८१५, इसवी सन १८९३, आणि देणगीदारांची नावं. मँट नव्हता. महाराज नव्हते. पहिलं नाव, सर्वांत मोठ्या अक्षरांत आणि सर्वांत मोठ्या रकमेसह, तालुक्याच्या अबकारी मक्तेदाराचं होतं. म्हणजे ज्या दारूविरुद्ध आम्ही दरवर्षी इथूनच प्रभातफेरी काढत होतो, त्या दारूच्या पैशातून आमच्या ज्ञानमंदिराचा पाया भरला गेला होता. समितीची तातडीची बैठक बसली. अध्यक्ष म्हणाला, माझ्याकडे एक पोतं सिमेंट शिल्लक आहे. बाईंनी त्याला हात लावू दिला नाही. शेवटी हेडमास्तरांनी शिळेच्या पुढ्यात क्रोटनची मोठी कुंडी आणून ठेवली. ती दर सुट्टीत पोरं सरकवतात आणि तास सुरू झाला की शिपाई परत जागेवर आणतो.

मी स्मरणिकेला शुद्धिपत्रक लिहायला घेतलं. ते मूळ लेखापेक्षा लांब व्हायला लागलं तेव्हा सोडून दिलं.

पैसे संपले ते मागची भिंत राहिली असताना. दर्शनी बाजू आणि दोन्ही कडा चुन्यात झाल्या होत्या. सिमेंट छिन्नीनं, हातानं, एकेका दगडाची कड सांभाळत काढलेलं, आणि दरजा दगडाच्या तोंडापेक्षा किंचित आत. काम असं की जवळ जाऊन बघितल्याशिवाय कोणी काही केलंय हे कळू नये. देणगीदारांची तक्रारही नेमकी हीच होती. मागच्या भिंतीचा रंग आणि जुनं सिमेंट निघालं होतं, पण दरजा उघड्याच होत्या. तिथे अध्यक्षानं एका शनिवार-रविवारी, स्वखर्चानं, कोणालाही न विचारता, सिमेंट भरून टाकलं. चांगल्या फुगीर, बोटभर जाड दरजा. त्याचं प्रेम तिथे दिसतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला आणि पंचगंगेला महापूर आला. त्यात गावोगावच्या लोकांचं जे गेलं त्यावर विनोद करण्याची माझी छाती नाही, शाळेपुरतंच सांगतो. जोतं बुडालं, पाणी खिडक्यांच्या कठड्यापर्यंत चढलं आणि काही दिवस तिथेच राहिलं. ओसरल्यावर बाई पुण्याहून आल्या आणि सगळ्या भिंतींवरून हात फिरवत गेल्या. पुढची भिंत काही आठवडे नुसती घामेजत राहिली आणि दिवाळीला कोरडी झाली. मागच्या भिंतीला आतून लोणा फुलला आणि बाहेरून ओल हटेना. अध्यक्ष रोज सकाळी फिरायला म्हणून यायचा, मागच्या भिंतीला हात लावायचा आणि उन्हाकडे बघायचा. "उत्तरेची बाजू आहे," म्हणायचा. बाईंनीही ते मान्य केलं, उत्तरेकडे ऊन कमी हे खरंच. पण वहीत पुन्हा काहीतरी लिहिलं.

सामानाची खोली उघडली ती सगळ्यांत शेवटी. लेझिमी गंजल्या होत्या, गाद्यांकडे बघवत नव्हतं. त्यांच्या मागे स्मरणिकेचे गठ्ठे होते तसे होते, चौकोनी, कडक. आर्ट पेपर भिजला की त्याच्यावरचा गुळगुळीत मुलामा सुटतो आणि वाळताना पानाला पान चिकटवून टाकतो. मँट, महाराज आणि पिवळा रंग आता कायमचे एकजीव झाले होते. रद्दीवाल्यानं हात लावायला नकार दिला. मिस्त्रींनी एक गठ्ठा उचलला, थापीच्या दांड्यानं दोनदा ठोकला, कान देऊन आवाज ऐकला.

"लई घट बसलंय," ते म्हणाले. "शिमीटाला ऐकायचं न्हाई. कशात कालवलंय, सायेब?"

मी काही बोलायच्या आत अध्यक्ष पुढे झाला, गठ्ठा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, आणि मला नगाचा भाव विचारला.